कॅनडाहून आफरीनची चौकशी

बिल्डिंगमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. दुबईतल्या आमच्या अल बर्शात उन्हाळ्याचे चार महिने खिडकी उघडता येत नाही की गॅलरीत उभं राहता येत नाही. मग माणसाला माणूस भेटणार कुठे? लिफ्टमध्ये, नाहीतर कॉरिडॉरमध्ये. तिथे अर्धं वाक्य कानावर पडतं आणि उरलेलं अर्धं आपण घरी येऊन पूर्ण करतो. मी तर फोडणी देता देता करते!

यंदाच्या उन्हाळ्यात समोरच्या आफरीनने एकटीने एवढे किस्से दिलेत की बाकी बिल्डिंगला सुट्टी होती.

*

सुरुवात लिफ्टमध्येच झाली. समोरच्या फ्लॅटमधले बशीरभाई मुकादम फोनवर बोलत होते. "हां, कॅनडाचंच आहे. मुलीची पूर्ण चौकशी करणार म्हणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुद्धा विचारणार. जमलं तर खलास, पोर कायमची तिकडेच. आणि नाही जमलं तर..."

नेमकी तिथे लिफ्टमधली रेंज गेली!

बशीरभाई मूळचे श्रीवर्धनचे, मी महाडची. एकाच जिल्ह्यातली माणसं, वर्षानुवर्षं दारासमोर दार. त्यांच्या पोरीचं जमतंय आणि मला पत्ता नाही? मी शिरा केला, वाटी झाकून घेतली आणि थेट जुबेदाभाभींकडे गेले.

"भाभी, मुबारक! मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"कॅनडाचा!"

आतून आफरीन ओरडली, "काकी, इट्स अ जॉब!"

शिरा मात्र तिने सगळा खाल्ला. माझी पंचाईत वेगळीच होती. शिरा होईपर्यंत मी तीन मजल्यांवर फोन करून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरनी तर साडीचा रंग पण ठरवला होता.

*

आफरीन जन्मली वाढली दुबईत, कॉलेजला कॅनडात गेली, तिथेच पीआर मिळवलं. पीआर म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना. सध्या तिकडच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीची नोकरी करते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टी टाकून आली होती, आणि इथूनच तिने अर्ज भरला होता शेरीफ ऑफिसरचा.

"म्हणजे नेमकं काय करायचं?" बशीरभाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. कोर्टात बंदोबस्त ठेवायचा, आरोपींना जजसमोर न्यायचं आणि परत आणायचं, कोर्टाचे कागद लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या हातात द्यायचे.

बशीरभाई उठून उभेच राहिले. "म्हणजे बेलिफ! अगं, श्रीवर्धनला आमच्या दारात बेलिफ आला होता, तर माझे आजोबा मागच्या दाराने वाडीत पळाले होते. आता माझी पोर लोकांच्या आजोबांना पळवणार?"

आफरीन शांतपणे म्हणाली, "डोन्ट वरी अब्बा. आय विल चेक द बॅक डोअर फर्स्ट."

*

हसण्यावारी गेलं, पण गोष्ट साधी नव्हती. गेल्या वर्षी तिने हाच अर्ज केला होता आणि इंटरव्ह्यूत राहिली होती. या वेळी बाप-लेकीत करार झाला. झालं तर बशीरभाई एक शब्द बोलणार नाहीत. नाही झालं तर कॅनडा बंद, परत यायचं आणि काकाच्या इथल्या, देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसात बसायचं. काकाने खुर्ची सुद्धा रिकामी ठेवली होती. मी ती बघून आलेय. खिडकीसुद्धा नाही हो तिथे!

*

अर्जाच्या अटी ऐका. पीआर हवं, बारावी हवी, लायसन्स हवं आणि गाडी चालवण्याचं रेकॉर्ड स्वच्छ हवं, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट, डोळे चांगले, आणि अंगात ताकद. धावायचं, ओढायचं, वजन उचलून चालायचं, अशी सगळी परीक्षा.

आफरीनने प्रॅक्टिस सुरू केली. बाहेर तर ऊन मरणाचं. म्हणून तांदळाची वीस किलोची गोणी खांद्यावर घेऊन ही जिन्याने खाली-वर, खाली-वर.

आमचा वॉचमन करीमखान पेशावरचा. पहिल्या दिवशी तो मागे धावला, "बेटी, लिफ्ट चालू है!" दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला बाजूला गेली, तेवढ्यात त्याने गोणी उचलून गुपचूप घरी पोचवली. तिसऱ्या दिवशी त्याने बशीरभाईंनाच गाठलं.

"साहब, बच्ची को कोई समझाता नहीं? रोज चावल ऊपर लाती है, रोज वापस करने जाती है. चावल अच्छा नहीं है, तो दुकान बदलो ना!"

*

मग प्रामाणिकपणाचे प्रश्न आले. लांबलचक. त्यात एक प्रश्न होता, नोकरीच्या ठिकाणची एखादी वस्तू, कितीही लहान असो, तुम्ही कधी घरी आणली आहे का?

आफरीनने लिहिलं, मॉलमधलं एक पेन.

"वेडी आहेस का? 'नाही' लिही!" बशीरभाई म्हणाले.

"अब्बा, नंतर लाय डिटेक्टर असतो."

बशीरभाईंनी खिशातून आपल्या कंपनीची चार पेनं काढली आणि चूपचाप टेबलावर ठेवली. त्यांना कोणी काही विचारलं सुद्धा नव्हतं!

त्याच संध्याकाळी जुबेदाभाभी माझ्याकडे काठी टेकत आल्या. हातात पिशवी. पिशवीत तीन वेगवेगळ्या हॉटेलांचे टॉवेल. "चौकशी होईपर्यंत तुमच्याकडे राहू देत, भाभी."

मी घरात सहज म्हटलं, "हे खोटं पकडायचं मशीन केवढ्याला मिळत असेल हो? हजार-दोन हजार दिरहम? म्हणजे आपले पंचवीस-पन्नास हजार रुपये?"

आमचे हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला काय गरज मशीनची?"

*

आणि मग ती वेळ आली. शेजारी म्हणून मला फोन! व्हिडिओवर एक गोऱ्या बाई, सोबत हिंदी बोलणारी दुभाषी. मी पैठणी नेसून बसले होते. आयुष्यभर मी लोकांच्या चौकशा केल्या, पण सरकारने मला विचारण्याची ही पहिलीच वेळ!

मुलीची चौकशी आली की काय बोलायचं असतं, ते मला कोणी शिकवायला नको. माझ्या शब्दावर आजवर पाच लग्नं जमलीत.

"लड़की को गुस्सा आता है?"

"गुस्सा? अरे, गाय है गाय!"

"कोई उस पर चिल्लाए, तो क्या करती है?"

"नजर नीचे. सीधे अपने कमरे में."

"कहीं झगड़ा हो रहा हो तो?"

"रास्ता बदल लेती है! इतने साल में कभी किसी के बीच में नहीं पड़ी."

दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरनी पण तेच सांगितलं, "व्हेरी शाय गर्ल. व्हेरी होमली."

मी आफरीनला शब्द न् शब्द ऐकवला. ती भिंतीला टेकून खालीच बसली. "काकी, झगडा दिसला की तिकडे जायचं असतं. दॅट इज द जॉब!"

*

दोन दिवसांनी त्या बाईंचा आफरीनलाच फोन आला. तुझ्याबद्दल सगळे एकसारखंच बोलतात. आता ज्याचं तुझ्याशी वाजलंय, अशा एखाद्या माणसाचा नंबर दे.

असा माणूस बिल्डिंगमध्ये एकच. पाचव्या मजल्यावरचे पाटणकर! मोठ्या हुद्द्यावरचे, आवाज त्याहून मोठा. आफरीनच्या धाकट्या भावावर तर लॉबीतल्या फुटबॉलवरून रोज ओरडतात. सुट्टीवर आल्या आल्याच तिची आणि त्यांची काहीतरी खडाजंगी झाली होती. मी तेव्हा भारतात होते, हे माझं दुर्दैव. तिने नंबर दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पाटणकरांना फोन आला तो खाली लॉबीत. ते कायम स्पीकरवरच बोलतात. बशीरभाई आणि मी लिफ्टची वाट बघत होतो. लिफ्ट आली, गेली, आम्ही तिथेच.

पाटणकर इंग्रजीत तडतडत होते. त्यांचं म्हणणं असं. जेवण उशिरा आणलं म्हणून त्यांनी एका डिलिव्हरीवाल्याच्या बाईकची चावी काढून घेतली होती. मॅनेजरला बोलव, मग देतो. तो बिचारा रडकुंडीला आलेला. तेवढ्यात ही मुलगी मध्ये पडली.

"ती ओरडली का?" फोनमधून प्रश्न.

"नाही! ओरडत मी होतो!"

"तिने तुम्हाला हात लावला?"

"अजिबात नाही. हात पुढे केला. 'अंकल, चावी द्या.' बस. मी म्हटलं, तुझा काय संबंध? 'अंकल, चावी द्या.' मी म्हटलं, तुझ्या बापाला सांगेन. 'सांगा. चावी द्या.'"

"किती वेळ?"

"देईपर्यंत!"

"आणि मग?"

"मग थँक यू म्हणाली! मला! सगळ्यांसमोर! असल्या उद्धट मुलीला तुम्ही कोर्टात ठेवणार?"

पलीकडे जरा वेळ नुसता टाईप केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "थँक यू, सर. व्हेरी हेल्पफुल."

पाटणकर आमच्याकडे वळले. "बशीरभाई, वाईट वाटून घेऊ नका. विचारलं, म्हणून सांगून टाकलं."

बशीरभाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. घरी जाऊन त्यांनी देऱ्याला भावाला फोन लावला, खुर्ची आहे ना अजून? मजा बघा, पोरीने अर्ज केल्यापासून हा माणूस ती परत यावी म्हणून दुवा मागत होता. पण फोन ठेवला आणि ताटावरून तसाच उठला. जुबेदाभाभींनी मला स्वतः सांगितलं.

*

आफरीन परत गेली. पुढचा इंटरव्ह्यू, लाय डिटेक्टर, गोणीची परीक्षा सगळं तिकडेच झालं. मग एका दुपारी समोरचं दार एवढ्या जोरात उघडलं की मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले. बशीरभाई कॉरिडॉरमध्ये उभे, हातात फोन, फोनमध्ये आफरीन.

"झालं?" मी विचारलं.

बशीरभाईंनी नुसती मान हलवली. वर-खाली.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी वेगळीच. मुकादमांच्या मुलीचं काम पाटणकरांनी केलं म्हणे, कॅनडात त्यांचा वशिला आहे! या वेळी मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, शपथ. चौकशी केली तर समजलं, निम्मी बातमी खरी होती. आफरीनने सगळ्यांत आधी थँक यूचा मेसेज टाकला होता तो पाटणकरांना!

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही तिघं. पाटणकरांनी बशीरभाईंच्या खांद्यावर हात टाकला.

"बघितलंत? माझा एक फोन!" मग जरा खाली वाकून म्हणाले, "तुमच्या धाकट्यासाठी कुठे शब्द टाकायचा असेल तर संकोच करू नका. त्याच्याबद्दल तर मला याहून जास्त बोलता येईल!"