बाईंनी न विचारता घेतलेलं

बाईंना एकदा भाजीवालीनं भाजी द्यायला नकार दिला होता. मी पिशवी धरून शेजारीच उभी होते. टीव्हीवरच्या मालिकेत तेव्हा बाई सुनेला जिन्यावरून ढकलत होत्या, आणि भाजीवाली तोंडावर म्हणाली, "आधी त्या पोरीची माफी मागा, मग टोमॅटो." बाईंनी तिथल्या तिथे, वजनकाट्यासमोर हात जोडले. टोमॅटो मिळाले, वर दोन लिंबं फुकट. घरी येईपर्यंत त्या हसत होत्या. जिना चढताना मात्र एकदम म्हणाल्या, "मावशी, मला कधी कुणी चांगली बाई समजेल का ग?"

मी बाईंची मावशी नाही. नाटकात कपडे सांभाळणारीला सगळे मावशीच म्हणतात, त्यात आमचं वय कुणी विचारत नाही. बावीस वर्षं बाईंचे हुक मी लावले, इस्त्री मी केली, अंधारात चाळीस सेकंदांत त्यांचा पोशाख मी बदलला. नवऱ्यानं पाहिली नसेल एवढी त्यांची पाठ मी पाहिली आहे.

आरशासमोर बसल्या की बाई बोलत. "दुष्ट बाई करायची तर तिला दुष्ट समजायचं नाही. तिला आपलं बरोबरच वाटत असतं. मी फक्त तिची बाजू घेते." कधी चेहरा धुऊन आल्या की म्हणत, "रोज कुणाचं तरी वाटोळं करून घरी जायचं. रंग उतरवला की खाली कोण आहे तेच आठवत नाही. माझं स्वतःचं काही नाहीच, मावशी. सगळं लोकांचं."

ते खरंच होतं. बाई माणसांकडून वस्तू घ्याव्यात तशा लकबी घेत. पण विचारून. हा त्यांचा नेम होता, आणि त्याच्यासाठी मी त्यांच्यावर जीव टाकत असे. बँकेतल्या एका बाईचं नाकातलं हसणं त्यांना हवं होतं, तर रांगेत उभं राहून विचारलं, "हे तुमचं हसणं मी घेऊ का?" दाताच्या डॉक्टरांचं खाकरणं घेतलं, तर ते गृहस्थ सगळं खानदान घेऊन स्वतःचं खाकरणं ऐकायला आले. माझ्याकडून दातानं दोरा तोडणं घेतलं. तेही विचारून. मी आठवडाभर मिरवत होते.

मग ते नाटक आलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूला हळूहळू संपवणाऱ्या सुनेचं. बाईंना ती सून सापडेना. एका दुपारी जुन्या नाटकाच्या दोन प्रयोगांच्या मधे त्या डोकं धरून बसल्या होत्या. "ही चिडते कशी, तेच मला कळत नाही," म्हणाल्या. मी इस्त्री करत होते. का बोलले देव जाणे, पण बोलले.

माझी सासू चार वर्षं अंथरुणावर होती. नवरा कामासाठी परगावी. दर थोड्या वेळानं पाणी, पाणी. एके दिवशी मी ग्लास भरला, वर झाकण ठेवलं आणि दोन बोटांनी वीतभर मागे सरकवला. तिचा हात पोचू नये इतपतच. मग तिच्या खांद्यावर पांघरूण नीट ओढलं आणि बाहेर जाऊन बसले. एकदा नाही, पाच-सहा दिवस.

"का ग?" बाईंनी विचारलं.

"दुष्ट नव्हते हो. दमले होते."

मी रडले. बाईंनी स्वतःच्या रुमालानं माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "हे माझ्या पोटात राहील." मी त्यांना हेही सांगितलं की माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती, आजीच्या कुशीत झोपायची. अजून तिच्या कपाटात आजीचा चष्मा आहे. तिला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही.

पुढच्या तालमींना मी बसले नाही. मागे कपड्यांच्या खोलीत शिवणकाम होतं. त्यामुळे मी ते पाहिलं ते थेट पहिल्या प्रयोगाला, विंगेत हातात शाल धरून. बाईंनी ग्लास भरला. झाकण ठेवलं. दोन बोटांनी मागे सरकवला. मग पांघरूण ओढलं, अगदी मायेनं, आणि अख्ख्या नाट्यगृहानं श्वास आत घेतला. पुढच्या अंधारात मी बारापैकी नऊच हुक लावले.

पेपरांत सगळे त्या ग्लासबद्दलच लिहीत होते. एक पत्रकार मेकअपरूममध्ये आला. "हा काळोख तुम्ही आणता कुठून?" मी मागे कोट झटकत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्याच आतून."

तो गेल्यावर मी विचारलं, "दाताच्या डॉक्टरांना विचारलंत. मला का नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून?"

"मावशी, त्या एका क्षणावर नाटक उभं आहे. आणि तुझं नाव थोडंच घेतलंय मी?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याचं खाकरणं विचारून घेणाऱ्या बाईनं माझं पाप न विचारता उचललं, आणि वर ते स्वतःचं म्हणून सांगितलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. "तेवढं काढा नाटकातून," मी म्हणाले. त्या आरशात पाहून भुवई रेखत राहिल्या.

लेकीला मी नाना सबबी सांगून लांब ठेवलं होतं. नाटक कंटाळवाणं आहे म्हणाले, तिकिटं संपली म्हणाले. पण तिच्या ऑफिसात सगळे त्या ग्लासबद्दल बोलत होते. एका रविवारच्या दुपारी विंगेतून पाहिलं तर ती चौथ्या रांगेत. आता बाहेर जाऊन तिला उठवणार कशी?

प्रयोगानंतर ती आत आली. बाईंच्या पाया पडायच्या ऐवजी तिनं सरळ विचारलं, "तो ग्लास तुम्हाला कसा सुचला?"

बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सुचला असाच, तालमीत," म्हणाल्या. इतकं वाईट काम त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं.

"आमची आजी सांगायची," लेक म्हणाली, "ग्लास दिसतो, पण हात पोचत नाही. मला वाटायचं तिला भास होतात. मी हसायचे तिला."

मी पोशाखाचे हुक काढत राहिले, एक एक.

संध्याकाळी घरी दोघी जेवायला बसलो. मी तिला वाढलं, पाण्याचा ग्लास भरून तिच्या ताटाशी ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं ग्लास स्वतःकडे ओढून घेतला.

मी तो अगदी जवळच ठेवला होता.