मनगटापासून तीन बोटं

माझ्या भाचीला बस लागते आणि तिचं सासर मंडणगडच्या बाजूला. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी ती रत्नागिरीहून सासरी गेली, तेव्हा वळणावळणावर उलट्या झाल्या. उतरल्यावर तिचा चेहरा पाहून सासूबाईंनी वाडीभर गोड बातमी सांगून टाकली. ती मागे घेताना झालेल्या फजितीचं खापर सुनेवर फुटलं.

आता गौरीचा पहिला ओवसा होता. नव्या सुनेने सासरी सूप घेऊन गौरीपुढे उभं राहायचं. भाची म्हणाली, "मावशी, या खेपेला उलटी झाली ना, तर मी आलेल्या गाडीनेच परत येणार." गोळी घेतली की तिला दिवसभर झोप येते.

म्हणून मी अ‍ॅक्युप्रेशरच्या शिबिराला गेले. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय झाल्यावर वेळ उरला, त्यात एक बिंदू शिकवला. चिनी नाव नेइग्वान. मनगटाच्या आतल्या घडीपासून वर तीन बोटं, दोन शिरांच्या मधोमध. बोटं ज्याचा हात त्याचीच. मळमळ, उचकी, धडधड, निद्रानाश, चिंता, सगळ्यावर चालतो म्हणे. एवढी खाती एकाच मंत्र्याकडे असली की मला संशय येतो. मळमळीपुरतं मात्र डॉक्टरही त्याला हसत नाहीत, असं वाचलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

घरी सराव उत्तम झाला. तिला सोडायला म्हणून तिच्याबरोबर बसमध्ये बसल्यावर चूक कळली. ओवशासाठी भाचीने आदल्या दिवशी कोपराच्या दिशेने निम्म्या हातापर्यंत हिरवा चुडा भरला होता आणि बिंदू बरोबर त्याच्या खाली.

"दाबू नकोस गो मावशी, फुटतील! ओवशाच्या दिवशी फुटक्या बांगड्यांनी जाऊ?"

खेड मागे पडलं तसं तिने खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. मी पिशवी धुंडाळली. गौरीच्या सामानात चिंचोके होते, मुलींना खेळायला. त्यातला एक गुळगुळीत चिंचोका तिच्या बांगड्यांखाली सरकवला. तिचीच तीन बोटं मोजून जागेवर बसवला. कासाराने चुडा इतका घट्ट भरला होता की चिंचोका हलेना. दुसऱ्या हातालाही तेच केलं. औषधाच्या दुकानात यासाठी बटणाचा पट्टा मिळतो; आमचा हिरवा होता.

वळणं सुरू झाली. ती पांढरी पडली, डोळे मिटले, आवंढा गिळला. मी मान खाली घालून तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

थांब्यावर सासूबाई उभ्या होत्या. "काय गो, बरी हायस?"

"बरी आहे. भूक लागलीय."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. घाटभर मान खाली घातल्याने माझंच पोट ढवळत होतं. "अगो बाय, ह्यांना कुणीतरी लिंबू द्या!"

चिंचोक्याने काम केलं की रिकाम्या पोटाने, हे मला सांगता येणार नाही. मी लिंबू चोखत पायरीवर बसले होते आणि आत भाची सूप हातात घेऊन, ताठ, गौरीपुढे उभी होती.