खरबुजावरच्या करड्या माश्या

करमाळ्याकडे आमची विहिरीखालची थोडी जमीन होती. उन्हाळ्यात मी तिथे खरबुजं करत असे. शेजारच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि धनगराला धान्य व विहिरीचं पाणी द्यायचं, ही वडिलांपासूनची रीत. त्या वर्षी सांगोल्याकडचा एक वयस्क धनगर आला. त्याच्या मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या. पिलं चालती होईपर्यंत त्याला एका जागी राहायचं होतं. बोली पंधरा दिवसांची झाली.

पाचव्या दिवशी खरबुजं सडलेली दिसली. उलटवली की खाली मऊ डाग, आत अळ्या आणि भोवती मोठ्या करड्या माश्या, पाठीवर काळे पट्टे असलेल्या. धनगराने एका मेलेल्या मेंढीचं कातडं बांधावर वाळत घातलं होतं. त्यावरही त्याच माश्या होत्या. मला तेवढं पुरलं.

"तुझ्या मेंढरांनी माझा मळा घालवला," मी म्हणालो.

"मेंढरू बांद वलांडून आलं न्हाय, मालक."

"माश्या आल्या ना!"

त्याने खरबूज हुंगलं. "ह्ये आदीच सडलंय. वास आला म्हून माशी आली. मेल्या बैलावर गिधाड बसलं, तर बैल गिधाडानं मारला म्हनायचं व्हय?"

माझे गडी हसले. ते हसणं मला लागलं. "आजच्या आज ऊठ," मी म्हणालो.

"पिलं लई बारकी हायती. आट दिस द्या की."

मी दिले नाहीत. भर दुपारी तो टेंभुर्णीच्या वाटेला लागला. चालता न येणारी पिलं त्याच्या बायकोने घोंगड्याच्या झोळीत घेतली होती.

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी एक लहान, घट्ट, न सडलेलं खरबूज निवडलं. त्यातूनही पट्ट्यांच्याच माश्या निघाल्या की तो खोटा ठरणार होता. त्यावर सुईने टोचल्यासारखं एक भोक होतं. काचेच्या बरणीत ओल्या वाळूवर ते ठेवलं आणि तोंडाला फडकं बांधलं. फळातून अळ्या निघाल्या आणि वाळूत शिरल्या. काही दिवसांनी माश्या निघाल्या, त्या घरमाशीएवढ्या, पिवळसर, बारीक कमरेच्या. पट्ट्यांची एकही नव्हती. फळ टोचणारी माशी ही होती. मळ्यात ती आधीपासून होती, मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

टेंभुर्णीजवळ तो सापडला. वाटेत सात पिलं गेली होती. हे मी विचारलं तेव्हाच त्याने सांगितलं. मी बरणीतलं सगळं सांगून परत चल म्हणालो.

"आता हितल्या मालकाला शबुद दिलाय. तुमी येक करा, मालक. मेंढरानं माशी आणली न्हाय, येवढं गावात सांगा. फुडल्या साली माज्यावानी कुनाला उठवाय नगं."

मी हो म्हणालो. गावात मात्र सांगितलं नाही. गडी पुन्हा हसतील एवढीच भीती होती. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावाने एकाही मळ्याशेजारी मेंढरं बसू दिली नाहीत. खरबुजं त्याही वर्षी सडली. चावडीवर कुणीतरी म्हणालं, शेजारच्या गावात मेंढरं बसली असतील, माशी तिकडूनच आली. मी तिथेच बसलो होतो.