आतल्या कड्या

लोहारकाकू म्हणजे फटकळ बाई. नवरा गेल्यावर हातोडा तिने उचलला आणि कोणाची भीडभाड ठेवली नाही. माळावरची पडकी कोठडी पाडायचं ठरलं, तेव्हा दाराचं लोखंड तिनेच विकत घेतलं. ते काढायला ती निघाली, तर म्हातारे सासरे नको नको म्हणत मागोमाग आले. दरोडेखोरांना कोंडायला ही कोठडी बांधलेली, असं ते काकू नवी नवरी असल्यापासून सांगत होते.

पहिला खिळा उपसताना तिचा हात थांबला.

"मामंजी, तुरुंगाची कडी बाहेरून असते. इथे तिन्ही कड्या आतून आहेत."

सासरे दगडावर टेकले. तिने दार ढकलून बाहेरची बाजू पाहिली. फळ्यांवर कुऱ्हाडीचे खोल घाव होते.

"कोण होतं आत? आता खरं सांगा."

"साथीला भिऊन पळून आलेली माणसं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "गावात कोणी घेईना, म्हणून त्यांनीच हे बांधलं. मग गावाने दार फोडून त्यांना हुसकावलं. मी लहान पोर, तापाने फणफणलो होतो, म्हणून मागे राहिलो."

तिच्या हातातली पक्कड खाली आली.

"तुम्ही आत होता? आणि कुऱ्हाड कोणाची होती?"

"ज्याने मला उचलून घरी नेलं, त्याची. जन्मभर बाप म्हटलं मी त्याला."