आगबोटीतली पुढची खोली आणि कुरुंद्याची हळद

आगबोटीने प्रवास करताना खोली पुढच्या टोकाची घ्यावी की मधली, या प्रश्नाचे निश्चित उत्तर काय, हे सांगण्यासाठी मी पुढील हकीकत लिहीत आहे. उत्तर मला मिळाले आहे. ते माझ्या अंगावरून उतरायला मात्र बरेच दिवस लागले.

ते निजामी अमदानीचे दिवस होते. मी हिंगोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवीत असे. सर्व महासागर मला तोंडपाठ होते आणि त्यांपैकी एकही मी पाहिलेला नव्हता. नकाशातला समुद्र निळा, गुळगुळीत आणि अत्यंत शिस्तीचा असतो. भिंतीवरून काढून गुंडाळला तरी त्यातला थेंब सांडत नाही. माझे समुद्राविषयीचे मत या अनुभवावर आधारलेले होते.

माझी धाकटी बहीण गंगू लग्न होऊन कराचीला गेली होती. तिचे यजमान तिकडे एका पेढीवर कारकून होते. गंगूचे पहिले बाळंतपण जवळ आले. पहिली खेप माहेरी व्हायची, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. परंतु तिच्या पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. आईने ते ऐकले आणि ती पाटावरून उठलीच.

"ती येत न्हाई तर मी जाते," आई म्हणाली. "लेकरू तिथं एकटं भिऊन राहिलं आसंल."

"माय, मध्ये समुद्र आहे," मी सांगितले.

"मंग काय झालं? पावसाळ्यात कयाधूला पूर येतो तवा आपून थांबतो का?"

(आम्ही थांबतो. चांगले दोन-दोन दिवस थांबतो. पण ही ते सांगण्याची वेळ नव्हती.)

तेव्हा ठरले ते असे. मी आईला मुंबईहून आगबोटीने कराचीला न्यायचे. आईने उभे आयुष्य बैलगाडी आणि क्वचित आगगाडी एवढ्यावर काढलेले. तिने तिथे धडधाकट पोहोचले पाहिजे, कारण आजारी आई पोहोचली तर गंगूला एकाऐवजी दोन बाळंतपणे निस्तरावी लागतील, ही गोष्ट मी स्वतःला रोज बजावीत असे. मेहुण्यांनी खोलीची सोय आपल्याकडे घेतली आणि बोटीचा छापील आराखडा मला पाठवून दिला. कोणती खोली हवी ते कळवा, म्हणाले. माझ्यासारख्या माणसाच्या हाती आराखडा देणे म्हणजे मांजराच्या हाती लोण्याचा गोळा देणे होय!

मी तो ओसरीवर पसरला आणि पट्टी घेऊन बसलो. शेजारी आई सुपात तूर पाखडीत होती. सूप वर जाई, खाली येई, आणि सुपाच्या तोंडाशी असलेले चार दाणे टुणकन उडून थेट माझ्या आराखड्यावर येऊन पडत. दर खेपेस मी ते पुढच्या खोल्यांवरून झटकून टाकी.

"माय, जरा तिकडे पाखड. मी महत्त्वाचे काम करीत आहे."

"मी काय खेळून राहिले का?" आईने विचारले आणि आणखी चार दाणे पाठवले.

पुढची खोली की मधली, हे अंदाजाने ठरवणे मला पसंत नव्हते. म्हणून मी प्रयोग केला. माझे मामा कुरुंद्याला हळद पिकवीत. गंगूसाठी हळदीची थैली आणायला मी त्यांच्याकडे गेलो आणि येताना त्यांच्या बैलगाडीत तीन तांबे पाणी भरून ठेवले. एक पुढे मामांपाशी, एक मधोमध आसावर, एक मागे.

"मास्तर, हे काहून?" मामांनी विचारले.

"कोणत्या जागी हिसके कमी बसतात ते पाहायचे आहे. आगबोटीसाठी."

मामांनी बैलांकडे पाहिले. बैलांनी मामांकडे पाहिले. गाडी निघाली.

हिंगोलीला पोहोचलो तेव्हा मागचा तांब्या गाडीतून कुठेतरी उतरून गेला होता. मधल्यात तळाशी घोटभर पाणी होते. पुढचा मात्र काठोकाठ भरलेला! निष्कर्ष स्वयंसिद्ध होता. आस मध्ये असतो, म्हणून दणके मध्ये बसतात. पुढे शांतता असते.

"पण मास्तर," मामा म्हणाले, "गाडीला पुढं बैल आसत्यात. जहाजाला पुढं काय आसतं?"

"खिडकी," मी म्हणालो. कारण आराखड्यात तसे दिसत होते.

आईला मी हे सर्व सविस्तर समजावून सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला. "कराचीला आधी कोणती खोली पोचती?"

"अर्थातच पुढची."

"मंग तीच घे. इचार कसला करून राहिला?"

अशा रीतीने अगदी पुढच्या टोकाची, समुद्राकडे गोल खिडकी असलेली खोली आमच्या नावे झाली.

हिंगोलीहून पूर्णा, तिथून मनमाड, तिथून मुंबई असे करीत आम्ही बंदरावर पोहोचलो. आईचे सामान म्हणजे एक संपूर्ण माहेर होते. डिंकाच्या लाडवांचा डबा, ओवा, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आणि मामांची हळद. हळद म्हणजे लक्ष्मी, ती पायाशी ठेवायची नाही, म्हणून आईने थैली खिडकीखालच्या फळीवर, म्हणजे माझ्या उशाच्या बरोबर वर ठेवली. खोली दाखवायला आलेल्या खलाशाने गोल खिडकीचे पितळी मळसूत्र घट्ट पिळले.

"मास्टरसाब, ये खिडकी मत खोलना. बाहर पानी है."

बाहेर पाणी आहे, हे भूगोलाच्या शिक्षकाला एका खलाशाने सांगावे! मी मंद स्मित केले.

बोट निघाली. बंदरात पाणी नकाशातल्याइतकेच सभ्य होते. आई खिडकीच्या काचेला नाक लावून बसली. मी तिला अरबी समुद्राची माहिती देऊ लागलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दिगू, यात नुसतं पानीच हाय."

"समुद्रच आहे, माय."

"ते कळालं. पण किती येळ पाहायचं? मानूस न्हाई, ढोर न्हाई, झाड न्हाई. आन् हितं कोंडल्यावानी होऊन राहिलं." तिने लाडवांचा डबा काखेत घेतला. "मी जरा बाहीर बसते."

"लांब जाऊ नको," मी म्हणालो आणि पुस्तक उघडून पडलो. खोलीत खरोखरच कोंडल्यासारखे होत होते. शुद्ध हवेने मळमळ होत नाही, हे आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आढळेल. मी मळसूत्र सैल केले आणि खिडकी उघडली. गार वारा आला. मी स्वतःचे अभिनंदन केले.

त्यानंतर बोट बंदराबाहेर पडली.

पुढची खोली हळूहळू वर जाऊ लागली. वर, आणखी वर... आणि मग थांबली. हे थांबणेच वाईट! माणूस पुरता वर गेल्यावर त्याला आपल्या सर्व चुकांचा विचार करायला तेथे अवकाश मिळतो. नंतर खोली धाडकन खाली गेली आणि माझे पोट वरच राहिले. ते खाली येईपर्यंत खोली पुन्हा वर निघालेली असे, त्यामुळे आमची वाटेत गाठ पडे. मनमाडच्या फलाटावर खाल्लेल्या पिठलं-भाकरीने परतीची तयारी सुरू केली. मी डोळे मिटले, दोन्ही हातांनी फळी धरली, आणि मिटल्या डोळ्यांसमोर ओसरी दिसू लागली. आईचे सूप वर जाते आहे, खाली येते आहे. हाताजवळचे दाणे जागच्या जागी निवांत बसलेले आहेत. उडत आहेत ते फक्त तोंडाजवळचे.

उत्तर माझ्या आराखड्यावर येऊन पडले होते. एकदा नव्हे, अनेकदा. आणि मी ते झटकून टाकले होते!

मी हे सत्य ओळखून डोळे उघडले, तोच खोलीने आजवरची सर्वांत खोल बुडी घेतली. गोल खिडकी क्षणभर हिरवी झाली आणि अरबी समुद्र आत आला. सगळा नव्हे, पण माझ्यापुरता पुरेसा. त्याने प्रथम हळदीची थैली उचलली, माझ्या छातीवर आपटून फोडली आणि मग वरून स्वतःला ओतून दिले.

"माय वं! मेलो की!" मी ओरडलो. (माझी प्रमाण भाषा संकटात टिकत नाही, हे मला तेव्हा समजले.)

महत्प्रयासाने मी खिडकी लावली आणि वळलो. समोर आईची झोपायची फळी रिकामी. आई बाहेर होती! अशा समुद्रात, पाण्यावर पाऊल न टाकलेली बाई, एकटी! गंगूच्या दारात मी एकटा जाऊन काय सांगणार होतो? भिंती चाचपडत, घसरत, "माय! माय!" करीत मी धावत सुटलो. माणसे मला वाट देत होती. ती सहानुभूतीने देत असावीत असा माझा समज झाला.

बोटीच्या मधोमध, धुराड्याच्या आडोशाला, डेकवरच्या उतारूंचा मोठा घोळका होता. कच्छी बायका, त्यांची लेकरे, वळकट्या. आणि त्या सर्वांच्या मध्ये मांडी घालून माझी आई! तिथे बोट हलत होती की नाही, हे पाहायला मला वाकून बघावे लागले असते. आईच्या मांडीवर कोणाचे तरी तान्हे पोर झोपले होते आणि ती आपल्या दख्खनी हिंदीत बाळंतिणीच्या खाण्याचे नियम सांगत होती.

"मेरी बेटी की जचगी है ना, उसको ये लाडू..." तिने मान वर केली. "अगं बाई! दिगू, तुला हळद कुनी लावली?"

मी खाली पाहिले. धोतर, सदरा, हात, पाय, सगळे लख्ख पिवळे. केसांतून हळदीचे पाणी नाकावर ठिबकत होते.

एका कच्छी म्हातारीने पदराने तोंड झाकून विचारले, "माजी, ये दूल्हा किधर से आया?"

"दूल्हा कुठला! दो बच्चों का बाप है," आई म्हणाली. "मास्तर है."

मला वाटते, त्या बायका शेवटच्या दोन शब्दांनाच अधिक हसल्या. मी मात्र आईचा हात धरून तिथेच बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. आई कोरडी होती, धडधाकट होती आणि लाडवांचा डबा तिच्या काखेत सुखरूप होता.

"हितंच बस," आई म्हणाली. "काहून गेला होतास तिकडं एकटा?"

उरलेला प्रवास मी त्या घोळक्यात आईच्या शेजारी पडून केला. पुढच्या खोलीत आमचे सामान राहत होते. ते आमच्यापेक्षा आधी कराचीला पोहोचले असावे.

कपडे धुऊन पाहिले. खाऱ्या पाण्यात हळद आणखी खुलते. कराचीच्या बंदरावर मेहुण्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहून अवघडून विचारले, "दादा, वहिनी बऱ्या आहेत ना?" माझे दुसरे लग्न लागले की काय, हे विचारण्याची ती सभ्य पद्धत होती.

गंगू दारात उभी होती. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. आईला पाहून तिचे डोळे भरले. मग तिची नजर आईच्या मागे गेली.

"दादा! हे काय गं माय, दादाला..." आणि ती हसू लागली. चौकट धरून हसली, खाली बसून हसली, आईच्या गळ्यात पडून हसली. मेहुणे म्हणाले, किती तरी दिवसांत ती हसलीच नव्हती. त्याच आठवड्यात ती सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. हळद सगळी समुद्राने नेली होती, म्हणून आईने माझे पिवळे, मऊ झालेले धोतर फाडून नातीला त्यात गुंडाळले. "मामाची हळद हाय," ती म्हणाली. "वाया कशी जाईल?"

गावी परतल्यावर मी मामांना सगळा वृत्तान्त सांगितला. "परंतु मामा, तांब्याचा प्रयोग चुकला कसा? पुढचा तांब्या भरलेला होता!"

"व्हय, ऱ्हाईलच की," मामा म्हणाले. "सांडू नये म्हनून मीच त्याला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता."

तेव्हा उत्तर असे: खोली मधली घ्यावी. केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. घरच्या सुपात मूठभर तूर घेऊन, ते चार वेळा हलवून, कोणते दाणे उडतात हे प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावे. उडालेले दाणे मात्र झटकून टाकू नयेत. त्यांच्यातला एक मास्तर असतो.