पाचवं घर

मी त्या डोंगरात गेले होते ती कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. पुण्यातल्या नोकरीत दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोलावं लागतं आणि मी मुळात अबोल. बीडच्या इंग्रजी शाळेत इंग्रजी अडखळायचं म्हणून गप्प, सुट्टीत गावी नेकनूरला गेलं की माझी मराठी पुस्तकी वाटते म्हणून गप्प. गप्प राहणं अंगवळणीच पडलं होतं. दसऱ्याच्या सुमारास सुट्टी मिळाली तेव्हा पाठीवर एक सॅक घेऊन हिमाचलातल्या एका उंच गावी जाऊन राहिले. खाली कॅफे आणि हॉस्टेलांची गजबज होती. ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून बराच चढ चढला की वरची वस्ती लागे. तिथे घरं फक्त चार. त्यातल्या एका घराची माडी मी भाड्याने घेतली होती.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. सकाळी अंगणात ऊन येई, समोर देवदारांची रांग, छपरांवर वाळत घातलेला पिवळाधमक मका. घरमालकिणीला मी आंटी म्हणत असे. त्या चहा आणून ठेवायच्या आणि काही न विचारता निघून जायच्या. मला तेवढंच हवं होतं. मी पुस्तक उघडून बसायची आणि न वाचताच मिटायची. किती तरी महिन्यांनी गाढ झोप लागत होती.

मग पाऊस आला. दोन रात्री तो थांबलाच नाही. खाली दरड कोसळून रस्ता बंद झाला, ओढ्यावरचा पूल वाहून गेला आणि समोरच्या शिखरांवर अवेळी बर्फ पडलं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून त्या पांढऱ्या शिखरांचे फोटो काढत होते, तेव्हा दादाचा फोन आला. आईच्या पोटात कळा येत होत्या, तिला बीडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पित्ताच्या पिशवीत खडे होते, पू झाला होता, ऑपरेशन उद्याच करायचं होतं. मी सॅक भरायला घेतली. आंटींनी दारात उभं राहून नुसती मान हलवली. जायला वाटच नव्हती.

वस्तीवर त्या टाकीपाशीच काय ते नेटवर्क मिळे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तिथे बसून होते. दादाचा पुन्हा फोन आला तो हसावं की रडावं अशा आवाजात.

"आई आत जायला तयार न्हाई. नवरात्रातला मंगळवार हाय, जोगवा मागितल्याबिगर जानार न्हाई म्हनती."

"मग तू माग ना, दादा."

"मी म्हनलं की! तर म्हनती, मिशीवाल्याला जोगवा शोभतो व्हय? डॉक्टर म्हनले, मावशी, उशीर करू नका. तर त्यालाच म्हनली, तुमी चहा घ्या तवर."

आमची कुळदेवी तुळजापूरची भवानी. नवरात्रातल्या मंगळवारी आमच्या घरची बाई गळ्यात कवड्यांची माळ घालते, हातात परडी घेते आणि पाच घरी जाऊन आईच्या, म्हणजे देवीच्या, नावाने पीठ-मीठ मागते. त्याच पिठाचा नैवेद्य होतो. माझ्या आईने हा जोगवा कधी चुकवला नाही. घरात आम्ही तिघंच. मला तिने अनेकदा सोबत बोलावलं, पण परक्याच्या दारात उभं राहून मागायचं या कल्पनेनेच माझे पाय जड व्हायचे, आणि अभ्यासाचं निमित्त कामी यायचं. देवीवर माझी श्रद्धा होती का, हेही मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

दादाने फोन आईच्या कानाला लावला. तिचा आवाज पार खोल गेला होता.

"पोरी, तू माग. जिथं असशील तिथं माग. पाच घरं झाली की मी जाते आत."

"आई, इथे मला कोणी ओळखत नाही."

"वळखीच्या दारात मागायला जोगवा कशाला लागतोय? पर पाच म्हंजी पाच. आन् तुज्या तोंडानं माग, कुनाला पुढं घालू नको."

फोन ठेवल्यावर मला तिचा राग आला आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. तिची अट पुरी झाली नाही तर ती खरोखरच जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पू पोटात पसरला तर काय होतं, ते मी रात्री टाकीपाशी बसून फोनवर वाचलं होतं. आणि वस्तीत घरं चार.

आंटींना मी कसंबसं सांगितलं. त्यांनी पितळेची एक ताटली धुऊन दिली आणि त्यात स्वतःच पहिली मूठ टाकली, मक्याच्या पिठाची. "साथ चलूँ?" म्हणाल्या. मी नको म्हटलं. कवड्या नव्हत्या, पदर नव्हता. गळ्यातला मफलर डोक्यावरून घेतला आणि निघाले.

दुसऱ्या घरी एक तरुण सून धान्य पाखडत होती. मी हिंदीत वाक्य जुळवू लागले: माझी आई, ऑपरेशन, आमच्याकडे अशी पद्धत... मध्येच शब्द संपले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे टाकीकडे बोट दाखवलं, "नेटवर्क उधर है, दीदी." मला परत फिरावंसं वाटलं. कान तापले होते. पण डोळ्यांसमोर आई होती, हाताला सलाईन लावलेली आणि डॉक्टरला चहा पाजणारी. मी ताटली पुढे केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "आईचा जोगवा." मराठीतच. सून उठली, ओढणी डोक्यावर घेतली, आत गेली आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आली. पुढच्या घरी एका आजोबांनी अक्रोड दिले. चौथ्या घरात कुत्रं भुंकत राहिलं. त्याला दटावत एक बाई आली आणि तिने गव्हाचं पीठ दिलं. दर दारात माझा आवाज थोडा थोडा मोकळा होत होता.

आणि मग घरं संपली. पलीकडे ओढा फेसाळत होता, पूल नव्हता. मी ताटली मांडीवर घेऊन टाकीपाशी बसले. दादाचा मेसेज आला होता: "डॉक्टर आता चिडलेत." तेव्हा मी डोळे मिटले. मला आरती येत नाही, स्तोत्र येत नाही. मी इतकंच म्हटलं, माझ्याच्याने होईल तेवढं झालं, आता तू बघ.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी घंटा ऐकू आल्या, मग बें-बें. वरच्या पायवाटेने मेंढ्यांचा लोंढा उतरत होता आणि त्यांच्यासोबत, आपल्याकडच्या धनगरांसारखं, एक बिऱ्हाड. आंटी अंगणातून आश्चर्याने ओरडल्या, हे लोक तर अजून बऱ्याच दिवसांनी उतरतात. वर बर्फ पडलं म्हणून लवकर आले. बघता बघता त्यांनी टाकीच्या वरच्या सपाटीवर ताडपत्री ताणली आणि त्यांच्यातल्या एका बाईने तीन दगड मांडून चूल पेटवली.

मी फोन लावला. "आई, चार घरं झाली. पाचवं म्हणजे मेंढपाळांची ताडपत्री आहे. घर नाही म्हणता येणार. चालेल का?"

"चूल पेटलीय का?"

"हो."

"मग काहून इचारतीस? माज्या आईनं ऊसतोडीला गेल्यावर कोप्या-कोप्यांनीच जोगवा मागितला. मी कोपीतच जलमले. ते काय घर नव्हतं व्हय?"

ही गोष्ट आईने मला कधी सांगितली नव्हती. कारखान्याच्या फडावर उसाच्या पाचटाची खोप, तिच्यापुढे चूल, आणि पदर पसरून उभी असलेली माझी आजी. मी चढून गेले. त्या बाईचे हात धुराने काळवंडलेले होते. मी "आईचा जोगवा" म्हटल्यावर तिने आधी हात जोडले, मग मळायला काढलेल्या पिठातलं मूठभर पीठ आणि मिठाचा एक खडा ताटलीत ठेवला. मी वाकून तिच्या पाया पडले. तीही गोंधळली, मीही. आम्ही दोघी हसलो.

"झालं, आई. पाच झाली."

"पाया पडलीस का?"

"पडले."

"बरं. ए दादा, बोलव रं त्या डॉक्टरला. झाला आसंल त्याचा चहा."

त्यानंतरचा वेळ आंटींनी माझ्याशेजारी बसून काढला. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. ऊन कलायला लागलं तेव्हा दादाचा फोन वाजला आणि मी तो उचलायलाही घाबरले.

"झालं सगळं नीट," तो म्हणाला. "खडे बरनीत घालून दिलेत. लई हायेत! आई शुद्धीवर आल्या आल्या म्हनली, दाखव." मग त्याचा आवाज बदलला. "डॉक्टर म्हनले, आज केलं म्हनून बरं. उद्यावर न्यायची सोय नव्हती."

मी रडले. आंटीही रडल्या. त्यांना शब्द कळले नव्हते, पण चेहरा कळला होता. संध्याकाळी त्यांच्याच चुलीवर सगळं पीठ एकत्र मळून मी जाड भाकऱ्या थापल्या. काठ चिरले, तरी फुगल्या. सुनेच्या तांदळाचा भात केला. पहिला घास देवीचा, मग वस्तीतल्या सगळ्या घरांत आणि त्या ताडपत्रीखाली एकेक तुकडा दिला. रात्री झोपले ती थेट उन्हात जागी झाले.

या घटनेला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. ज्या पावसाने माझी वाट बंद केली, त्याच पावसाने वरचं बिऱ्हाड खाली आणलं, एवढंच मी पाहिलं. हात पुढे केला की तो रिकामा आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि आजवर मी तेच टाळत आले होते. त्या दिवशी टाळता आलं नाही, ही आईची कृपा. जिने पाठवलं तीही आई आणि जिने दिलं तीही आई. मी फक्त दारात उभी राहिले.