चिमण्यांना टाकलेले दाणे

माझ्या सासूबाई घोटीकडच्या. सारा जन्म भाताच्या शेतात गेलेला, त्यामुळे तांदळातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज, आणि तो बराचसा खराही. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रोज दुपारी त्या दारात पाय पसरून बसायच्या आणि रेशनचा तांदूळ ताटात घेऊन निवडायच्या.

त्या वर्षी मला दिवस गेले होते आणि अंगात रक्त नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत आणि नुसती मान हलवत. लोहाची गोळी पोटात ठरत नव्हती. घेतली की उलटी. "असंच राहिलं तर बाळंतपण जड जाईल," त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी तिथे हसले आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले. मला फार भीती वाटत होती.

सासूबाईंना ते न सांगता कळलं. बीट, खजूर, मेथी, जे मिळेल ते त्या माझ्यापुढे ठेवू लागल्या आणि तांदूळ दुप्पट काळजीने निवडू लागल्या. "ह्यात पिलास्टिकचे दाणे हायेत," त्या म्हणायच्या. शेजारणीच्या मोबाईलवर त्यांनी तसा व्हिडिओ पाहिला होता. "रंग बघ कसा येगळा. पाण्यात टाकला तर तरंगतोय. पोटुशी बाईला असलं नाय खाऊ द्यायची मी." मग एकेक दाणा वेचून त्या गॅलरीत चिमण्यांना टाकत. चिमण्यांना प्लॅस्टिक चालतं का, हे विचारायची माझी टाप नव्हती.

एके दुपारी केंद्रातली आशाताई माझी चौकशी करायला आली. ताटाच्या कडेला सारलेले दाणे पाहून तिने कपाळावर हात मारला.

"आजी, हे प्लॅस्टिक नाही हो! तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं घालून केलेले दाणे आहेत. रेशनच्या तांदळात ते मिसळायचेच, असा सरकारचा नियम आहे. हिच्यासारख्यांसाठीच तर आहेत ते."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "म्हंजी इतके दिस मीच पोरीच्या तोंडचं काढून घेतलं?"

खरं सांगते, क्षणभर मला त्यांचा भयंकर राग आला. पण त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत, आणि मग मलाही घास उतरेना.

नुसत्या दाण्यांवर भागणार नाही, असं बजावून आशाताईने डॉक्टरीणबाईंकडून गोळ्या बदलून आणल्या. त्या मला सोसल्या. इकडे सासूबाईंचं निवडणं उलटं सुरू झालं. घरातल्या सगळ्यांच्या तांदळातले ते दाणे वेचून त्या वाटीत जमवत आणि माझा भात वेगळ्या पातेलीत शिजवताना त्यात टाकत. रक्त वाढू लागलं. गोळ्यांनी की दाण्यांनी, देव जाणे.

पुढच्या तपासणीला त्या हट्टाने माझ्याबरोबर आल्या. माझी पापणी बघून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सहज त्यांचीही ओढून बघितली. माझ्याहून पांढरी. पाच बाळंतपणं झाली तरी त्यांचा डोळा आजवर कुणी बघितला नव्हता.

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या.

घरी आल्याबरोबर मी ती पातेली माळ्यावर टाकली आणि वाटीतले दाणे सगळ्यांच्या तांदळात ओतले. त्या रागावल्या, पण मी बधले नाही. पुढे माझी मुलगी सुखरूप झाली. आता आमचा सगळ्यांचा भात एकाच पातेल्यात शिजतो.

नियम म्हटलं की मला रांग आणि झेरॉक्स आठवते. पण हा नियम ज्याने कुणी केला, त्याचे मी मनापासून आभार मानते. त्याने माझ्या सासूबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "माझं ऱ्हाऊ द्या, सुनेला द्या."